हिंगणघाटचा मोजणीदार आणि क्रिप्टनची उडी

हिंगणघाटची ख्याती कापसाच्या पेठेमुळे; परंतु भोसल्यांच्या मुलखातील या वणाकाठच्या कसब्यात, वर्धा जिल्हा कागदोपत्री अस्तित्वात येण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी, मोजणीखात्याचा एक वृद्ध अंमलदार मुक्कामातच मरण पावला, आणि त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा धागा एका अमेरिकन चित्रकथेच्या नायकापर्यंत नेता येतो, असे सांगितले तर श्रोता प्रथम हसेल, हे उघड आहे.

जेरी सीगेल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅन वाचकांपुढे आणला तेव्हा त्याला उडता येत नसे; मैलाचा अष्टमांश एवढी उडी मात्र तो मारी. पुढच्याच वर्षी त्याच्या बळाची उपपत्ती अशी सांगण्यात आली की, त्याच्या जन्मग्रहाहून, म्हणजे क्रिप्टनहून, पृथ्वी लहान व तिचे आकर्षण सौम्य असल्यामुळे त्याच्या स्नायूंना येथे सारेच हलके वाटते. (आपल्या पिवळ्या सूर्यापासून त्याला शक्ती मिळते, ही पुढची कल्पना मला त्यामानाने आळशी वाटते.) मिनेसोटा विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथात ही उडी हिशेबाला लावली. ६६० फूट उंची गाठण्यास जमीन सोडताना ताशी १४० मैलांचा वेग हवा. त्यावरून क्रिप्टनचे गुरुत्व पृथ्वीच्या पंधरा पट ठरते. आणि एवढ्या गुरुत्वासाठी ग्रहाच्या गाभ्यात न्यूट्रॉन ताऱ्याचे अतिघन द्रव्य कल्पावे लागते. असा ग्रह स्थिर राहणे दुर्घट. म्हणजे कथेतील क्रिप्टनचा स्फोटही ओघानेच आला!

परंतु पृथ्वीचे गुरुत्व तरी सर्वत्र एकच कोठे आहे? ती स्वतःभोवती फिरते व ध्रुवांकडे चपटी आहे. न्यूटनचा हा सिद्धान्त अठराव्या शतकातील फ्रेंच मोहिमांनी मान्य करविला होता. चपटेपणाचे नेमके माप मात्र निरनिराळ्या अक्षांशांवर मोजणी केल्यावाचून हाती येणारे नव्हते. त्या कामी विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभ केला. कोन मोजण्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, पोलादी साखळी आणि खलाशांचा लवाजमा घेऊन तो त्रिकोणामागून त्रिकोण बांधीत उत्तरेकडे सरकत राहिला. तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढविताना तो थिओडोलाइट आदळून त्याचे चक्र वाकले, तेव्हा ते त्याने स्वतःच ठोकून, ताणून पूर्ववत केले. जमिनीवरील अंतर त्रिकोणांनी मिळे, अक्षांश मात्र ताऱ्यांनाच विचारावा लागे. माथ्यावरून जाणारा तारा खस्वस्तिक-यंत्राच्या लांब नळीतून न्याहाळावयाचा, टांगलेल्या ओळंब्याशी तो किती कोन करतो हे टिपावयाचे, आणि दूरच्या दुसऱ्या ठाण्यावर जाऊन तोच तारा पुन्हा पाहावयाचा. दोन कोनांतील अंतर तेच दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील अंतर. ओळंबा ज्या आकर्षणाने खाली लोंबतो, त्याच आकर्षणाने सुपरमॅन उडीनंतर खाली येतो.

हैदराबादेहून नागपुराकडे जात असता, जानेवारी १८२३ मध्ये, सत्तरीच्या घरातल्या लॅम्टनने हिंगणघाटास देह ठेवला. त्याची कबर तेथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्टने त्याचे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले, आणि या मोजणीच्या आधारे १८३० साली त्याने ठरविलेला पृथ्वीचा आकार भारताच्या नकाशांत दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

आता काकालिओसांचा हिशेब हिंगणघाटास लावून पाहू. न्यूयॉर्कच्या अक्षांशावर गुरुत्वामुळे येणारा प्रवेग दर सेकंदाला दर सेकंदी ९.८०२ मीटर, हिंगणघाटास सुमारे ९.७८६. फरक हजारात दीडेक भागाचा, पण ६६० फुटांच्या उडीत तो सुमारे एक फूट भरतो. तेव्हा तेवढ्याच वेगाने झेपावलेला सुपरमॅन न्यूयॉर्कपेक्षा वणेच्या काठी फूटभर अधिक उंच जाईल. चित्रकथेच्या कर्त्यांनी हा फूट हिशेबात धरला नाही, आणि तो धरावा असा आग्रहही कोणी केला नसता; लॅम्टनला मात्र एवढी तफावत दफ्तरात खपली नसती.