धम्मदीक्षेची पूर्वतयारी : गृहस्थ उपासकाचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्रिशरण ग्रहण केले. या एकवीस वर्षांचे वर्णन बहुधा धर्मांचा तुलनात्मक अभ्यास एवढ्यावरच आटोपले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अपुरे आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी एका उणिवेवर बोट ठेवले आहे. भिक्खूसाठी संघदीक्षा होती. गृहस्थासाठी मात्र स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. परिणामी उपासक एकाच वेळी अनेक धर्मांच्या उंबरठ्यांवर वावरत राहिला. भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाच्या कारणांत ते या उणिवेची गणना करतात.

नागपूरच्या विधीची रचना या निदानाच्या प्रकाशातच पाहावी लागते. बाबासाहेबांनी स्वतः भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील घेतले. तथापि जनसमुदायाला दीक्षा त्यांनी, म्हणजे एका गृहस्थाने, दिली. तिला बावीस प्रतिज्ञांची जोड होती. त्यांत जुन्या देवदेवतांची उपासना, बुद्ध हा विष्णूचा अवतार ही समजूत, श्राद्ध आणि पिंडदान यांचा स्पष्ट त्याग आहे. या प्रतिज्ञांना निव्वळ नकारात्मक म्हणणारे टीकाकार एक गोष्ट विसरतात : केवळ शरणगमनाने घरातले देव्हारे रिते होत नाहीत, हा इतिहासाचा अनुभव होता. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूर येथेही दीक्षासमारंभ झाला.