सूरजागड किती लांब?

मंडळी, आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. मुंबईहून सिंगापूर किती लांब? सुमारे ३९०० किलोमीटर, विमानाने साडेपाच तास. आता दुसरा प्रश्न. नागपूरहून सूरजागड किती लांब? सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या थोडे वर, रस्त्याने तीनशेच्या पुढे. पण गडचिरोली, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली करत निघालो की सहा-सात तास सहज जातात; पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणजे घड्याळाने मोजले तर सिंगापूर जवळ आणि आपल्याच राज्यातला डोंगर लांब!

वैशेषिक दर्शनात परत्व आणि अपरत्व, म्हणजे लांबपणा आणि जवळपणा, हे गुण मानले आहेत. पण ते अपेक्षाबुद्धीवर अवलंबून असतात. बघणारा कुठे उभा आहे, त्यावर जवळ-लांब ठरते. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. या जवळ-लांबलाही इतिहास असतो, हे मात्र उशिरा लक्षात आले.

पूर्वी आपल्याकडे अंतर कोसात आणि मजलीत मोजत. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. माप माणसाच्या पायाचे, म्हणून मुंबईकराची मजल आणि माडिया माणसाची मजल यांत फार फरक नव्हता. फरक पडला तो यंत्राने. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. चारही महानगरे नागपूरपासून एका रात्रीच्या आत आली.

सूरजागड तेव्हा चांदा जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, जिल्ह्याची कचेरी थोडी जवळ आली. रेल्वे स्थानक म्हणाल तर जिल्ह्यात वडसा हेच, तेही पार उत्तरेच्या टोकाला.

आता २०२५ हे एकच वर्ष बघा. १ जानेवारीला अहेरीहून गर्देवाड्यापर्यंत एस. टी. सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी त्या भागात बस पोहोचली. त्याच वर्षी जुलैमध्ये हेडरी ते कोनसरी अशा सुमारे ८५ किलोमीटरच्या नळातून लोहखनिज वाहून न्यायची सोय झाली. माणसाला बस आणि खनिजाला नळ, दोन्ही एकाच वर्षी!

आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून ओढा ओलांडावा लागतो, तिथे रस्ता हवाच. प्रश्न एवढाच, की तो रस्ता कुठून कुठे मोजायचा? खाणीपासून कारखान्यापर्यंत, की पाड्यापासून दवाखान्यापर्यंत? पहिले अंतर कमी झाले म्हणून दुसरे आपोआप कमी होत नाही.

त्याच डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. जानेवारीत यात्रेला भोवतालच्या गावांतून माणसे येतात. त्यांच्या दृष्टीने मध्य तो डोंगर आहे, आणि दुर्गम आहे ती मुंबई. ‘दुर्गम भाग’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! पुढच्या वेळी तो तोंडात आला, की कुणाला दुर्गम, एवढे स्वतःला विचारू या. आज इथेच थांबू.