जॉन्सन पुण्याला पोचला, शार्लट लेनॉक्स राहिली

डॉ. जॉन्सनचा ‘रासेलस’ मराठीत आला तो १८७३ मध्ये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेलं हे भाषांतर त्यांच्या मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी, तडीला नेलं. विष्णुशास्त्री आदल्याच वर्षी डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले होते. पुढे ‘निबंधमाले’त त्यांनी डॉ. जॉन्सनचं चरित्रही लिहिलं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचं. तेवढ्या अवधीत लंडनचा एक कोशकार पुण्याच्या शिकलेल्या घरांतला माणूस झाला होता. जॉन्सन ज्यांच्यात उठबस करायचा, ज्यांचं लेखन वाखाणायचा, त्यांच्यात लेखिका कितीतरी होत्या. त्यांच्यापैकी कुणी त्याच्याबरोबर इथवर आलं नाही. त्या कुठे गळाल्या, हे शोधत गेलं की इंग्रजी साहित्य हा विद्यापीठातला विषय कसा घडला, तेही उलगडत जातं.

सुरुवात शार्लट लेनॉक्सपासून करू. तिची पहिली कादंबरी निघाली तेव्हा जॉन्सनने मित्रमंडळींना डेव्हिल टॅव्हर्नमध्ये रात्रभराची मेजवानी दिली. जॉन्सनचा चरित्रकार जॉन हॉकिन्सने त्या रात्रीचं वर्णन लिहून ठेवलं आहे: तमालपत्रं खोचलेला गरम ॲपल पाय, आणि जॉन्सनने स्वतःच्या हाताने लेनॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला पानांचा मुकुट. १७५२ मध्ये तिची ‘द फीमेल क्विक्झोट’ आली. जुन्या फ्रेंच प्रेमकथा वाचून वाढलेली अरबेला साऱ्या जगाला त्या कथांचे नियम लावते, आणि ती जे मनापासून मानते त्यापुढे भोवतालच्या शहाण्या माणसांची गाळण उडते, अशी ही कादंबरी. फील्डिंगने तिची जाहीर स्तुती केली.

मला मात्र लेनॉक्सचं दुसरं पुस्तक अधिक महत्त्वाचं वाटतं. १७५३–५४ मध्ये तिने ‘शेक्सपिअर इलस्ट्रेटेड’चे तीन खंड काढले. शेक्सपिअरने नाटकांचे विषय कुठकुठल्या कथांतून आणि बखरींतून उचलले, ती मूळ साधनं तिने शोधली, इंग्रजीत दिली आणि नाटकांशी ताडून पाहिली. मूळ कथेतली स्त्री नाटकात येताना पुष्कळदा दुबळी झाली, हेही तिने स्पष्ट लिहिलं. गॅरिकसारख्या शेक्सपिअरभक्त नटाला ते रुचलं नाही. पण मूळ साधनं शोधायची, शेजारी ठेवायची, लेखकाने काय बदललं आणि का बदललं ते विचारायचं, हीच रीत पुढे विद्यापीठात इंग्रजी शिकण्याचा कणा झाली. त्या रीतीचा इतका मोठा प्रयत्न करणारी बाई त्या विषयात कित्येक पिढ्या तळटीपेपुरती उरली. १८०४ मध्ये ती वारली तेव्हा हलाखीत होती, लेखकांसाठीच्या मदतनिधीवर जगत होती.

या लेखिका गळाल्या त्यातली पहिली चाळणी पुस्तकविक्रेत्यांची. १७७४ मध्ये लॉर्डांच्या सभेने प्रकाशकांचा कायमस्वरूपी हक्काचा दावा फेटाळला आणि जुनी पुस्तकं कुणालाही छापता येऊ लागली. संचांची चढाओढ लागली. लंडनच्या विक्रेत्यांनी इंग्रजी कवींचा मोठा संच काढला आणि प्रस्तावना जॉन्सनकडून लिहून घेतल्या. त्याच ‘लाइव्ह्ज ऑफ द पोएट्स’. कवी ५२, त्यांत स्त्री एकही नाही. यादी बरीचशी विक्रेत्यांनी ठरवली होती. जॉन्सनने काही नावं सुचवली, तीही पुरुषांचीच. १७५५ मध्ये लंडनमध्येच १८ कवयित्रींचा दोन खंडांचा संग्रह निघाला होता, म्हणजे कवयित्री ठाऊक नव्हत्या असं नाही. लेनॉक्सच्या डोक्यावर मुकुट ठेवणाऱ्या माणसाच्या नावाने ही यादी प्रमाण झाली, याचं मला आजही दुःख होतं.

कादंबरीच्या बाबतीत निकाल काही काळ दोलायमान होता. १८१० मध्ये ॲना लेटिशिया बार्बोल्डने ‘द ब्रिटिश नॉव्हेलिस्ट्स’चे ५० खंड संपादित केले. त्यातल्या २१ लेखकांत आठ स्त्रिया होत्या: क्लारा रीव्ह, लेनॉक्स, फ्रान्सिस ब्रुक, इंचबाल्ड, शार्लट स्मिथ, फॅनी बर्नी, रॅडक्लिफ आणि मराया एजवर्थ. ही यादी टिकली असती तर पुढचा अभ्यासक्रम वेगळा झाला असता. पण दहा-बारा वर्षांत वॉल्टर स्कॉटच्या प्रस्तावनांसह दुसरा संच आला आणि त्यात रीव्ह आणि रॅडक्लिफ एवढ्या दोघीच उरल्या. स्कॉटचीच एक आठवण त्याच्या चरित्रात आहे. म्हातारपणी त्याच्या आजीच्या नात्यातल्या एका बाईंनी सतराव्या शतकातल्या आफ्रा बेनची पुस्तकं मागवली आणि वाचवेनात म्हणून परत पाठवली. तरुणपणी लंडनच्या प्रतिष्ठित मंडळीत जी पुस्तकं मोठ्याने वाचली जात, ती आता एकटीने वाचतानाही लाज वाटते, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. एका आयुष्यात शिष्टाचार इतका बदलला होता. विद्यापीठांनी यादी हाती घेतली ती या बदलानंतर.

विद्यापीठांची गोष्ट लंडन-ऑक्सफर्डमध्ये सुरूच होत नाही. १७६२ मध्ये एडिंबरात ह्यू ब्लेअरला वक्तृत्व आणि ललित साहित्याचं राजनियुक्त अध्यासन मिळालं. लंडनच्या राज्यात वर चढायचं तर स्कॉटिश तरुणाला लंडनची इंग्रजी यायला हवी, ही त्यामागची निकड. दुसरी जागा हिंदुस्थान. ईस्ट इंडिया कंपनीला उघड धर्मप्रसार करायचा नव्हता, पण नीती शिकवायची होती, आणि ते काम मिल्टन, ॲडिसन, जॉन्सन यांच्यावर सोपवता येत होतं. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) मध्ये हे सविस्तर मांडलं: अभ्यासविषय म्हणून इंग्रजी साहित्य इंग्लंडमध्ये स्थिरावण्याआधी इथे रुळलं. नीतिपाठ हवा तिथे ‘रासेलस’ निवडला जाणं स्वाभाविक होतं. अरबेलाला तिथे जागा नव्हती.

इंग्लंडमध्ये १८२८ मध्ये लंडनच्या नव्या विद्यापीठात टॉमस डेल इंग्रजीचा प्राध्यापक झाला. १८४८ मध्ये गव्हर्नेसांना शिक्षण मिळावं म्हणून क्वीन्स कॉलेज निघालं आणि तिथे चार्ल्स किंग्जली इंग्रजी शिकवू लागला. ग्रीक-लॅटिन पुरुषांचं, इंग्रजी बायकांचं आणि कामगारांचं, अशी वाटणी होत गेली. ऑक्सफर्डने म्हणूनच नाकं मुरडली. १८८७ मध्ये इतिहासकार फ्रीमनने या विषयाला कडाडून विरोध केला. १८९४ मध्ये तिथे इंग्रजीची शाखा आली ती जुन्या अँग्लो-सॅक्सन भाषेचं ओझं घेऊन. विषय कठीण दिसावा ही धडपड होती. केंब्रिजची स्वतंत्र परीक्षा १९१७ ची. मुली या वर्गांत बसत होत्या, पण पदवी ऑक्सफर्डने १९२० मध्ये दिली आणि केंब्रिजने १९४८ मध्ये. नाशिकला जन्मलेली, डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. तिने अहमदाबादच्या मुलांच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं, मग ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडायला १९२० उलटून जावं लागलं.

विषयाला प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या या घाईत लेखिका अधिकच मागे पडल्या. लीव्हिसची ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ (१९४८) खरी सुरू होते जेन ऑस्टिनपासून. इयन वॉटचं ‘द राइज ऑफ द नॉव्हेल’ (१९५७) आपल्याकडे एम. ए. च्या कित्येक पिढ्यांनी नोट्स काढून पाठ केलं. ते डिफो, रिचर्डसन, फील्डिंग या तिघांवर उभं आहे. अठराव्या शतकातल्या बहुसंख्य कादंबऱ्या बायकांनी लिहिल्या, हे वॉटनेच शेवटाकडे नोंदवलं आणि तो पुढे गेला. ऑस्टिनने मात्र ‘नॉर्थँगर ॲबी’त बर्नी आणि एजवर्थच्या कादंबऱ्यांची नावं घेऊन त्यांची बाजू लढवली होती. तिला आपलं घराणं ठाऊक होतं.

ते घराणं पुन्हा उभं राहिलं ते १९८० च्या दशकात. डेल स्पेंडरचं ‘मदर्स ऑफ द नॉव्हेल’ आणि जेन स्पेन्सरचा अभ्यास १९८६ चे, रॉजर लॉन्सडेलचं अठराव्या शतकातल्या कवयित्रींचं संकलन १९८९ चं. पुस्तकं पुन्हा छापली गेली, आणि छापली गेली म्हणून शिकवता आली. २००३ मध्ये ऑस्टिनच्या भावाच्या चॉटनच्या वाड्यात या लेखिकांचं ग्रंथालय उघडलं. आपल्याकडे स. गं. मालशे यांनी ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १९७५ मध्ये पुन्हा छापली होती. इंग्रजीच्या प्राध्यापक सूझी थारू यांनी के. ललिता यांच्यासह १९९१ मध्ये ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ काढलं, तेव्हा त्यात ताराबाई होत्या.

‘द फीमेल क्विक्झोट’ आता स्वस्त आवृत्तीत मिळते. मराठी मुलखातल्या वर्गात ती ‘रासेलस’च्या जोडीने शिकवावी असं मला कळकळीने वाटतं. दोन्ही पुस्तकांत सात वर्षांचंच अंतर आहे आणि दोन्हींना एकच चिंता आहे: कल्पनाशक्ती माणसाला कुठवर नेते आणि कुठे बुडवते. जॉन्सनचा खगोलज्ञ ऊन-पाऊस आपल्या हुकुमाने होतो असं मानू लागतो आणि अरबेला नदीत उडी घेते. अखेरीस तिला समजावणाऱ्या धर्मगुरूचं प्रकरण जॉन्सननेच लिहिलं का, यावर अभ्यासक अजून भांडतात. विद्यार्थ्यांनी ‘रासेलस’ची वाक्यं आणि ते प्रकरण समोर ठेवून आपला निर्णय स्वतः द्यावा. ताडून पाहायची ही रीत लेनॉक्सने १७५३ मध्येच घालून दिली आहे.