तीन अक्षरांचे भाकीत

लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सॅमन या शल्यविशारदाने गोरगरिबांसाठी अवघ्या सात खाटांचे इस्पितळ काढले. ते गुदद्वाराच्या रोगांसाठी होते. म्हणजे जे दुखणे माणूस घरच्यांनाही सांगत नाही, त्यासाठी. थोर कादंबरीकार डिकन्स यांच्यावर १८४१ मध्ये भगंदराची शस्त्रक्रिया केली ती याच सॅमनने! तेच पुढे 'सेंट मार्क्स' म्हणून नावारूपास आले.

१९२२ मध्ये तेथे डॉ. कथबर्ट ड्यूक्स हे विकृतिशास्त्रज्ञ रुजू झाले. शल्यविशारदाचे काम संपले की यांचे सुरू होई. कापून काढलेले आतडे उघडावे, भोवतालच्या चरबीत दडलेल्या लसिकाग्रंथी एकेक करून शोधाव्यात, सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्यात आणि रोग कुठवर पोचला त्याचा नकाशा काढून ठेवावा. मोठे कंटाळवाणे काम! बसी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा १९२४ मध्ये मदतीला आला, तो जन्मभराचा सहकारी झाला.

१९३२ मध्ये ड्यूक्स यांनी वर्गवारी मांडली. रोग गुदाशयाच्या भिंतीतच असेल तर 'ए'. भिंत भेदून गेला, पण ग्रंथी निर्मळ, तर 'बी'. ग्रंथींत शिरला की 'सी'. १९५८ मध्ये या दोघांनी दोन हजारांवर रोग्यांचा हिशेब दिला. इतर कारणांचे मृत्यू वगळता पाच वर्षांनी 'ए' मधले शंभरांत सुमारे ९८ हयात होते, 'बी' मधले ७८, 'सी' मधले ३२.

दिवाळी अंकातले राशिभविष्य आपण हसत वाचतो. हे भविष्य हसण्याजोगे नव्हे. शिवाय त्या ३२ जणांत आपला माणूस आहे की नाही, हे अक्षर कधीच सांगत नाही. आणि कळले तरी करायचे काय?

याचे उत्तर यायला १९९० साल उजाडले. अमेरिकेत मोर्टेल व सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या 'सी' रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर फ्लुओरोयुरासिल आणि लेव्हॅमिसोल (हे मूळचे जंतांचे औषध!) वर्षभर दिले. मृत्यूंचे प्रमाण ३३ टक्क्यांनी घटले. 'बी' मध्ये असा ठाम लाभ दिसेना. लेव्हॅमिसोल पुढे मागे पडले. 'बी'च्या रोग्याला औषधाचा जाच सोसायला लावावा का, हा पेच मात्र घरोघर उरला.

२००३ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गाठींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते, त्या रोग्यांचे भवितव्य मुळातच बरे. परंतु फ्लुओरोयुरासिलचा त्यांना उपयोग नाही. भाकीत चांगले, औषध निरुपयोगी! म्हणून आता अक्षराबरोबर गाठीची ही तपासणीही मागवतात.