ताटातली खिचडी आणि पिशवीतला तांदूळ

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या उर्दू शाळेच्या व्हरांड्यात मी तांदूळ मोजून देत होतो. फळा-खडू बंद, समोर तराजू. बाहेर चुन्याने आखलेल्या चौकोनांत पालक पिशव्या घेऊन उभे. चौथीतल्या एका मुलीची अम्मी म्हणाली, "सर, तांदूळ घरी नेला की तो सगळ्यांचा होतो. शाळेतली खिचडी तिची एकटीची होती."

या एका वाक्यात शालेय पोषण आहाराचा सगळा इतिहास आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नव्हते. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य मिळे आणि ते घरच्या डब्यात जाई. तामिळनाडूत मात्र कामराजांच्या काळापासून, म्हणजे १९५६ पासून, मुले शाळेतच जेवत होती.

२००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता. सरकारी गोदामे धान्याने भरलेली आणि गावे उपाशी. पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला: सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत कोरडे धान्य नको, शिजवलेले जेवण द्या. रोज किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. २००४ मध्ये पुढचा आदेश आला: दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या. पाऊस पडला नाही, म्हणून पोराने उपाशी का राहावे?

याचा उपयोग झाला का? आंध्र प्रदेशातल्या मुलांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळाचा फटका बसलेल्या घरांतल्या मुलांची खुंटलेली वाढ शाळेतल्या जेवणाने बरीच भरून निघाली, असे त्यात दिसले.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्यांना विचारले, मुलांच्या जेवणाचे काय? मग धान्य वाटप सुरू झाले. पहिली ते पाचवीसाठी दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम. शाळेची यादी, कोठीतला साठा, रेशनची साखळी आधीपासून होती, म्हणूनच हे जमले. संकट आल्यावर नव्याने चूल मांडायला बसलो असतो, तर पोरांच्या पोटात काय पडले असते?

पण आपण पुन्हा १९९५ च्या पिशवीवर आलो होतो. त्या तांदळाने घरे तगली, हे मी पाहिले आहे. तरी सहा माणसांच्या घरात एका मुलीच्या वाट्याचा तांदूळ किती दिवस पुरणार?

शाळा उघडल्यावर ती मुलगी माझ्याआधी स्वयंपाकखोलीकडे गेली. मी हजेरी नंतर घेतली.