रसद आणि मक्ता

पेशवाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घोडदळ उभे राहते. पण त्या घोड्यांच्या दाण्याची तजवीज कशी होई, हे आपण क्वचितच विचारतो. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्ये दिल्लीहून मिळाल्या खऱ्या. परंतु सनदेने हक्क मिळतो, रोकड मिळत नाही. पहिल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना धाडलेल्या पत्रांत कर्जाचाच घोर आहे. १७६० साली भाऊसाहेबांना तर दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून रुपये पाडावे लागले.

अडचण मुळात काळाची होती. फौज दसऱ्याला निघावयाची, तर सारा पिके हाती आल्यावर यावयाचा. ही फट भरण्यासाठी रसदेची पद्धत पडली. महालावर नेमलेला कमाविसदार अपेक्षित वसुलाचा काही भाग सरकारात आगाऊ भरी. त्यासाठी तो स्वतः सावकाराचे दार ठोठावी. सरकार त्याला व्याज देई आणि पुढे वसूल आला की रसद वळती होई. म्हणजे सरकारचा अंमलदार तोच सरकारचा धनकोही होता!

अशा माणसाच्या हाती रयत देणे धोक्याचेच. म्हणून त्याला दोन लगाम होते. जमाखर्चाचा ‘बेहेडा’ हुजुरातून आधीच ठरून येई. शिवाय दिवाण, मजमुदार, फडणीस हे दरखदार सरकारचे नेमलेले असत. कमाविसदाराला ते दूर करता येत नसत. हिशेब अखेर पुण्याच्या हुजूर दप्तरात तपासला जाई. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरास मरणशय्येवर असताना नऊ कलमांची यादी झाली. तीत कर्जफेडीची चिंता आहे. कर्ज फेडणे हा राज्याच्या अब्रूचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत हे लगाम सुटले. मामलती जास्त बोली बोलणाऱ्यास मक्त्याने मिळू लागल्या. मक्तेदाराने मक्ता पोटमक्तेदाराला विकावा, त्याने पाटलाच्या गळ्यात बांधावा, असा क्रम सुरू झाला. १८०३-०४ च्या दुष्काळाने मोडलेल्या मुलखावर हा भार पडला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या मक्तेदारीचे वर्णन केले आहे.

वरवर पाहता रसद आणि मक्ता सारखेच. दोन्हींत पैसा आधी येतो. भेद आहे तो वाढाव्याचा. रसदेत ठरल्याहून अधिक वसूल झाला, तर तो सरकारी हिशेबात दाखवावा लागे. लपविला तर तो गुन्हा होता. मक्त्यात तोच वाढावा मक्तेदाराचा हक्काचा नफा झाला. जी लूट पूर्वी चोरी होती, तिला आता धंद्याची प्रतिष्ठा आली.

राज्य कर्ज काढते म्हणून बुडत नाही. बाजीराव आणि माधवराव दोघेही कर्जातच वावरले, तरी राज्य वाढले. राज्य बुडते ते हिशेब विचारणारा माणूस उठून गेला म्हणजे. म्हणून सरकारने किती पैसा उभा केला, एवढ्यावर आपण थांबू नये. वाढावा कोणाच्या पदरात पडतो आणि त्याचा जाब कोण घेतो, हेही विचारावे.