दोन परवाने

'परवाना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत त्याचे दोन अर्थ आहेत. एक, सरकारी हुकमाचा कागद. दुसरा, दिव्यावर झेप घेऊन जळून जाणारा पतंग. मराठीने कचेरीच्या कामापुरता पहिला अर्थ उचलला आणि दुसरा गझलवाल्यांकडे ठेवून दिला. पण महाराष्ट्राचा इतिहास जरा चाळलात, तर हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटलेले दिसतील. कारण आपल्या राज्यात परवाना दोन गोष्टींना लागतो: गाडी हाकायला आणि दारू प्यायला.

"दारू प्यायला परवाना? काहीतरीच काय!" असं म्हणू नका. कोकणातल्या कुठल्याही हमरस्त्यावर 'परमिट रूम' अशी पाटी दिसते ना? त्यातलं परमिट म्हणजे पिणाऱ्याच्या खिशात असायला हवं ते. कायद्याने आजही ते लागतं. एका दिवसाचं मिळतं, आजन्म मिळतं. आणि गंमत बघा, गाडीच्या परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. पिण्याच्या परवान्याला परीक्षा नाही. तिथे आठाचा आकडा मागाहून आपोआप निघतो!

आमच्या रत्नागिरीकडे हे परवाना प्रकरण पहिल्यांदा आलं ते झाडावर. पिढ्यान् पिढ्या भंडारी लोक माडावर चढत, माडी उतरवत. 1878 साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला आणि सरकारने झाडावर कर बसवला, माडी काढायला परवाना सक्तीचा केला. म्हणजे आधी माडावर चढायचा परवाना, मग माडी चढणार. गाडी चालवायला मात्र तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं. कारण गाडी बैलांची होती. बाजाराच्या दिवशी मालक गाडीत आडवा झाला, तरी बैल आपले गळ्यातल्या घुंगरांच्या तालावर चालत गोठ्यापाशी येऊन उभे राहायचे. बैलाला घर ठाऊक असतं. इंजिनाला नसतं. मोटारीच्या कायद्याचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो.

इंग्रजांना बैलांचा एवढा भरवसा नसावा. त्यांनी 1872 सालीच झिंगलेल्या अवस्थेत घोडा, गुरं, गाडी किंवा वाफेचं इंजिन हाकणं गुन्हा ठरवलं. पुढे 10 सप्टेंबर 1897 रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीवाल्याने आपली विजेवर चालणारी गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीत घुसवली. पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला हा जगातला पहिला माणूस मानतात. दंड झाला 25 शिलिंग. कोर्टात त्याने सांगितलं, की बिअरचे दोन-तीनच ग्लास घेतले होते. सव्वाशे वर्षं उलटून गेली. मोटारी बदलल्या, राज्यं बदलली, पण नाक्यावर अडवलेल्या माणसाच्या तोंडून येणारा हा 'दोन-तीन'चा आकडा काही बदललेला नाही.

आता आपल्याकडे या. 1939 साल. 1 जुलैला देशाचा नवा मोटार कायदा अमलात आला. त्यात पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा होताच. बरोबर एका महिन्याने, 1 ऑगस्टला, मुंबई शहरात दारूबंदी झाली. तेव्हा प्रांताचे पंतप्रधान (त्या काळी प्रांतालाही पंतप्रधान असे) होते बाळासाहेब खेर. म्हणजे आमच्या रत्नागिरीत जन्मलेले गृहस्थ! त्यांचे अबकारी मंत्री डॉ. गिल्डर हे हृदयरोगाचे नामांकित तज्ज्ञ. पक्षाने महायुद्धाच्या प्रश्नावर राजीनामे दिले आणि ती दारूबंदी पुढे लंगडी पडली. पण खेर पुन्हा सत्तेवर आले आणि 1949 साली दारूबंदीचा मोठा कायदा झाला. पिण्याच्या परमिटाची जन्मपत्रिका हीच. बलसारा नावाच्या एका पारशी गृहस्थांनी त्याला आव्हान दिलं, ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1951 साली न्यायालयाने औषधी आणि सुवासिक द्रव्यं मोकळी केली, बाकी कायदा बराचसा तसाच राहिला. 1960 साली राज्य दुभंगलं. गुजरातने दारूबंदी ठेवली. महाराष्ट्राने बंदी हळूहळू सैल केली आणि परमिट ठेवलं.

राहता राहिला प्रश्न, की माणूस प्यायलाय हे ओळखायचं कसं? पूर्वी तोंडाचा वास घेत, सरळ रेषेत चालायला लावत. (आमच्याकडच्या पाखाड्यांवर सरळ रेषेत चालणं शुद्धीतल्या माणसालाही जमत नाही, ही गोष्ट वेगळी.) 1954 साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाईन यांनी श्वास तपासायचं यंत्र काढलं. आपल्या 1988च्या कायद्यात तर रक्तात दारूचा थेंबही चालत नव्हता. 1994 साली मर्यादा घातली: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. त्यावर गुन्हा.

इथे आपले लोक उपाय सुचवतात. लिंबू चोखा, ताक प्या, वाडगाभर सोलकढी घ्या, गार पाण्याने आंघोळ करा. काही उपयोग नाही. आपलं यकृत हे जुन्या वळणाचं कारकून आहे. तासाला ठरलेलंच काम करणार. चहा पाजलात म्हणून फाईल पुढे सरकणार नाही.

आमच्या एका मावसभावाला हे रत्नागिरीतल्याच एका नाक्यावर समजलं. मित्राच्या वाढदिवसाच्या केकवर सर्वांबरोबर फुंकर मारून तो स्कूटरवरून निघाला होता. नाक्यावर दुसरी फुंकर मारावी लागली. ही दहा हजारांना पडली! 2019 सालापासून दंडाचा हाच दर आहे. शिवाय रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 2015 सालीच राज्यांना बजावलं होतं, की अशांचा परवाना निदान तीन महिने काढून घ्या. तोही गेला.

तीन महिने मावसभाऊ मांडवीपासून मारुती मंदिरापर्यंतचा चढ पायी चढत होता. भेटेल त्याला सांगायचा, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." एका पडवीतून आवाज आला, "डॉक्टरांनी की मॅजिस्ट्रेटनी?" रत्नागिरीत वर्तमानपत्रं निघतात ती केवळ हौसेखातर.

2019च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली आहे. परवाना परत हवा तर उजळणीच्या वर्गाला बसा. पन्नाशीचा गृहस्थ मिसरूड फुटलेल्या पोरांच्या बरोबरीने 'थांबा' आणि 'पुढे वळण' या पाट्या पुन्हा शिकला. मुदत संपली, परवाना हातात आला. पेढे घेऊनच घरी गेला. वहिनीला म्हणाला, "चल, बस मागे. देवाला जाऊन येऊ."

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाली, "मी रहाटाघराहून बसने येते."

मी तिथेच होतो. मला वाटलं, ही चारचौघांतल्या नाचक्कीचा राग काढत्येय. मागाहून तिला तसं विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "भावजी, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. गेले तीन महिने मी पहिल्यांदा रात्री स्कूटरच्या आवाजाकडे कान न लावता झोपले."

एवढे कायदे मी वाचले, पण हे कलम कुठल्याही पुस्तकात आढळलं नव्हतं. सरकारी परवान्याला मुदत असते, ती संपली की कागद परत येतो. या दुसऱ्या कचेरीत मुदत लिहून देत नाहीत, अर्जाचा नमुना नाही, आणि पेढ्यांनी काम होत नाही.

मावसभावाने ते बोलणं आतल्या खोलीतून ऐकलं असावं. त्यानंतर मित्रांच्या बैठकीला जायचं झालं, तर तो स्कूटर घरी ठेवून जाऊ लागला आणि येताना रिक्षा करू लागला. गणपती गेले, दिवाळी गेली. तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी वहिनी काही न बोलता पदर खोचून स्कूटरवर मागे बसली. तेव्हापासून तो इतक्या हळू चालवतो, की मागच्या रिक्षावाल्यांना वाटावं, पुढे बैलगाडीच चालली आहे.